साहेबांचा प्लायवूडचा बंगला

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणाच्या मनात शंका नको. माझं माप चुकत नाही! शाळा चौथीत सुटली आणि गळ्यात मोजपट्टी पडली, ती अजून उतरलेली नाही. समोरच्या फुटपाथवरून जाणाऱ्या माणसाकडं नुसतं बघून मी त्याची कंबर सांगते. त्यानं पोट आत ओढून धरलं असेल तर तेही सांगते. तेव्हा मी तळघरात प्लायवूडची माशाची टाकी बांधली आणि त्यातून काय काय झालं, हे तुम्ही आमच्या विहीणबाईंकडून ऐकलं असेल, तर त्यात एवढी दुरुस्ती करून घ्या. टाकी बरोबर होती. तळघर कमी पडलं.

आता मासा. मासा आमच्या ह्यांचा. हे आयुष्यभर एका कचेरीत कागदांवर शिक्के मारत बसले. निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी मिळून यांना घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ! हे ते घड्याळ मनगटावर घालून बाजारात गेले आणि येताना प्लास्टिकच्या पिशवीत अंगठ्याएवढा केशरी मासा घेऊन आले. नाव ठेवलं साहेब. का, तर काचेमागून तोंड उघडतो, मिटतो, ऐकू काहीच येत नाही, आणि तरी आपली मान डोलते. अगदी यांच्या कचेरीतल्या साहेबांसारखा.

दुकानदारानं यांना सांगितलं होतं की हा एवढाच राहतो. मी पिशवीत बघूनच म्हटलं होतं, याचा खांदा रुंद आहे, हा वाढणार. माशाला खांदा नसतो असं हे म्हणाले. नसू दे. वाढला की नाही? कोपरापासून बोटांपर्यंत माझा हात असतो तेवढा झाला! पुढच्या खोलीतली त्याची काचेची पेटी मात्र होती तेवढीच राहिली. वळायचं झालं की बिचारा शेपूट दुमडून घ्यायचा, घट्ट बाह्यांचा झगा अंगातून काढताना बाई अंग चोरते ना, तसा. मग अर्धा वळायचा, मग दम खायचा, मग उरलेला अर्धा.

मी त्या माशाला रोज बोलायची, हे कबूल. पाणी बदललं की फरशीवर ओघळ, खोलीत वास, आणि यांच्या बाह्या कायम ओल्या. पेटीवरची धूळ पुसताना माझं एक ठरलेलं वाक्य होतं, की या घरात एक तर हा मासा राहील, नाही तर मी. हे वाक्य म्हणजे आमच्या घरची घंटा. वाजली म्हणून कुणी जागचं उठत नसे.

पण आतली गोष्ट सांगते. हे माणसांशी फार बोलत नाहीत. संध्याकाळी त्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि साहेबाला पेपर वाचून दाखवायचे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, खणखणीत आवाजात. पलीकडं स्वयंपाकघरात माझे हात कामात आणि कान तिकडं. बारीक अक्षर वाचायला मला वेळ लागतो. ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. जगात काय चाललंय ते मला त्या माशाच्या कृपेनं फुकटात कळत होतं. तो गेला तर हे वाचणार कुणाला? मला? मला वाचून दाखवतो असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला दारात उभं केलं असतं का!

तर एक दिवस मी तळघरातून जिना चढून वर येते तो हे फोनवर बोलताना कानावर पडले. हो, हो, रविवारी संध्याकाळी घेऊन जा, तुमच्या बागेत तळं आहे, तिथं सुखात राहील. पलीकडं कोण, ते मला तळं म्हटल्यावरच कळलं. आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. त्यांच्या बागेत एक तळं आहे. ‘आमचं तळं’ असं त्या अशा काही म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं तिथं जहाजं लागतात.

माझ्या डोक्यात असा काही भडका उडाला की काय सांगू. मुलगी दिली. आनंदानं दिली, तिचे सगळे कपडे स्वतःच्या हातानं शिवून दिली. म्हणून काय आता घरातलं एकेक मागून न्यायचं? आज मासा, उद्या माझं शिलाई मशीन! आणि आमचे हे असे, की कुणी रस्त्यात थांबवून अंगातला सदरा मागितला तर बटणं काढायला लागतील.

सरळ नाही म्हणायचं, हे तुम्ही सुचवाल. कसं म्हणायचं? एवढी वर्षं रोज घंटा वाजवल्यावर आता ‘राहू दे तो मासा’ म्हणायचं? मी दिलेला शब्द मागं घेत नाही. फार तर उसवून दुसरीकडून शिवते. म्हणून ठरवलं, की रविवारच्या आत तळघरात त्या माशासाठी असली टाकी उभी करायची, की विहीणबाईंनी ती बघावी आणि आपल्या तळ्याचं नाव काढू नये. कुणी विचारलं तर सांगायचं, टाकी झालीच आहे, तर आता ठेवायला काहीतरी हवं.

तळघर माझं. तिथं मी शिवणकाम करते, आणि तिथं यांना यायला बंदी आहे, कारण एकदा आले आणि एका नवरीच्या झग्यावर बसले. त्यामुळं गुपित राखायला अडचण नव्हती. यांना सांगितलं, की मी गाद्या-उशा ठेवायला मोठी पेटी करतेय. हे म्हणाले, बरं. हे नेहमीच म्हणतात, बरं.

मदतीला घेतलं जावयांना. म्हणजे विहीणबाईंच्याच मुलाला! त्यात मला जरा मजाही वाटली. जावई आमचे उंच, सडपातळ, आणि इतके अदबशीर की समोरचं माणूस बोलत असताना शिंक आली तर गिळतात. मुलगी कामासाठी परगावी होती, तेव्हा तेही मोकळे होते. त्यांनी फोनवर बघून बघून मला सगळी कृती वाचून दाखवली. जाड प्लायवूड घ्यायचं, स्क्रूनं जोडायचं, फटी बुजवायच्या, आतून पाणी न झिरपणारा रंग द्यायचा, पुढच्या बाजूला काच बसवायची, काचेच्या कडेनं सिलिकॉन भरायचं.

ऐकून मला हसू आलं. म्हटलं, जावईबापू, यात नवीन काय आहे? प्लायवूड म्हणजे कापड. स्क्रू म्हणजे टाके. रंग म्हणजे अस्तर. सिलिकॉन म्हणजे पायपिंग. आणि काच म्हणजे गळा, तो तेवढा नीट बसला की सगळं बसतं. जावई म्हणाले, हो आई. ते मला आई म्हणतात.

प्लायवूडच्या दुकानात मी मापं सांगितली. लांबी, रुंदी, उंची, आणि प्रत्येक बाजूला वर चार बोटं. दुकानदारानं कानामागची पेन्सिल काढून हातात धरली आणि ही चार बोटं कशाला म्हणून विचारलं. म्हटलं, शिवणीसाठी जादा ठेवावं लागतं, आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. शिवाय ही वस्तू कायम पाण्यात राहणार, म्हणजे आटणार.

“बाई, प्लायवूड आटत नाही.”

“कापडवालेही विकताना असंच म्हणतात.”

त्यानं पेन्सिल परत कानामागं ठेवली आणि गुपचूप कापायला घेतलं. बाहेर आल्यावर जावयांनी अंदाज घेत घेत विचारलं, की आई, हे जादा झालं तर? मी म्हटलं, जादा झालेलं आत दुमडून घेता येतं, कमी पडलं तर जोड द्यावा लागतो आणि जोड दिसतो. जावयांनी तोंड उघडलं आणि मिटलं. अगदी साहेब!

मग आम्ही कामाला लागलो. तळघराच्या मधोमध टाकी उभी राहिली. मी आधी कच्चे टाके घातले, म्हणजे इथं एक स्क्रू, तिथं एक स्क्रू, मग लांब उभी राहून, डोळे बारीक करून बघितलं, मग पक्के. जावई स्क्रू फिरवताना दर वेळी मला विचारायचे आणि मी हो म्हटल्याशिवाय फिरवायचे नाहीत. अस्तराचे हात मारले, एकावर एक. एका दुकानाची दर्शनी काच भंगारात निघाली होती, ती आणून गळ्याला बसवली. रंगाचा वास वरपर्यंत गेला. यांनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं, कसला गं वास? मी म्हटलं, गाद्यांना ढेकूण लागू नयेत म्हणून. हे म्हणाले, बरं.

आणि टाकी झाली. काय टाकी झाली म्हणता! आत मी आडवी झोपले असते आणि शेजारी एखादी पाहुणी झोपवली असती. ज्या भिंतीला तळघराचं दार आहे, त्याच भिंतीला लांबीनं ती लावायची ठरली होती. कोपऱ्यापासून सुरू, दाराच्या अलीकडं संपणार. जागा मी स्वतः मोजली होती आणि ती बरोबर होती. फक्त मोजली होती ती मायेशिवाय. माया नंतर आली.

रविवारी सकाळी टाकी जागेवर सरकवायची आणि पाणी भरून ट्रायल घ्यायची ठरली. ट्रायलशिवाय माझ्या हातचं काही बाहेर पडत नाही. हे सकाळपासून जिन्यापाशी घुटमळत होते, म्हणून मी आधी दार घट्ट लावून घेतलं. मग आम्ही दोघांनी टाकीला खांदा लावला. मी कोपऱ्याकडच्या टोकाला, जावई दाराकडच्या. टाकीखाली पाइपाचे तुकडे ठेवले होते, त्यावरून ती अशी घरंगळत गेली की जणू तिलाच घाई. भिंतीपासून एक टीचभर जागा पाण्याच्या नळीसाठी मोकळी सोडली, खालचे तुकडे काढले, टाकी जमिनीवर बसली.

जावई म्हणाले, “आई, दार...”

“दार लावलेलंच राहू दे. हे डोकावतील.”

“नाही, पण आई, दार...”

“तुम्ही नळ सोडा.”

त्यांनी नळ सोडला. अदब म्हणजे अदब.

पाणी भरत राहिलं. मी स्टुलावर बसून टाकीच्या शिवणींवरून बोट फिरवत होते. थेंब नाही! खालची शिवण कोरडी, बाजूची कोरडी, गळा कोरडा. टाकी काठोकाठ भरली आणि काचेतून पलीकडचं सगळं मोठं दिसायला लागलं. जावयांचं नाक केळ्याएवढं दिसत होतं. मला इतका आनंद झाला की मी जावयांच्या पाठीवर थाप मारली आणि ते दोन पावलं पुढं गेले.

आमच्या तळघराला वर छताशी गजांचा झरोका आहे. त्यातून रस्त्यावरची फक्त पावलं दिसतात, आणि बहुतेक गिऱ्हाइकं मी पावलांवरूनच ओळखते. तेवढ्यात झरोक्यात एक गाडी थांबली. उतरल्या त्या उंच टाचांच्या चपला. चालताना जमिनीवर उपकार करणाऱ्या. विहीणबाई! संध्याकाळी यायच्या त्या दुपारीच. आणि त्यांच्या चपलांशेजारी गाडीवाल्यानं एक निळा ड्रम उतरवून ठेवला.

मी म्हटलं, आता दाखवतेच. पदर झाडला, केस सारखे केले, दिमाखात दाराकडं गेले आणि दार ओढलं. आमचं दार आत उघडतं. ते टीचभर उघडलं आणि ठक्क करून टाकीला लागलं.

पुन्हा ओढलं. ठक्क.

टाकी दाराच्या चौकटीवर चांगली वीतभर आली होती. या बाजूची माया, त्या बाजूची माया, शिवाय प्लायवूडची जाडी. सगळं मिळून दारासमोर येऊन उभं, ज्या लग्नाला बोलावलं नाही तिथं पहिल्या पंगतीत येऊन बसलेल्या नातेवाइकासारखं! ढकलायला गेलो तर आत एवढं पाणी, की हत्तीला सरक म्हणावं आणि त्यानं कान हलवावा. पाणी काढायचं म्हटलं तर नळीनं भरायला लागला तेवढाच वेळ. तोवर साहेब तळ्यात.

मी जावयांकडं बघितलं. जावई जमिनीकडं बघत होते. म्हटलं, तुम्हाला दिसलं होतं? ते म्हणाले, हो आई. मग बोलला का नाहीत? यावर त्यांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं, आणि तो त्यांचा मोठेपणा.

वर बोलण्याचे आवाज यायला लागले. मी फटीला तोंड लावून यांना हाक मारली. हे चार पायऱ्या उतरून आले आणि फटीसमोर उभे राहिले. पण कसे? भिंतीकडं तोंड करून!

“इकडं बघा ना.”

“तूच सांगितलंयस आत बघायचं नाही म्हणून.”

आयुष्यात या माणसानं माझं एकच म्हणणं इतकं मनावर घेतलं आणि तेही नेमकं त्या दिवशी. मी त्यांच्या पाठीला सांगितलं, की विहीणबाईंना चहा द्या, बसवून ठेवा, आणि मी येईपर्यंत माशाला हात लावू नका. हे म्हणाले, तू कधी येणार? म्हटलं, हातातलं काम झालं की. जावई कुठं आहेत असं त्या विचारतायत, म्हणाले. म्हटलं, सांगा, मी त्यांना सोडलं की येतील.

हे वर जाऊन जसंच्या तसं बोलले. ‘ती सोडेल तेव्हा येईल.’ आता सांगा, कुठल्या आईला हे ऐकून चहा गोड लागेल? चपला टक् टक् करत जिना उतरल्या आणि फटीत विहीणबाईंचा एक डोळा आणि अर्धं नाक आलं. वास कसला म्हणून ते अर्धं नाक आधी आक्रसलं.

“विहीणबाई, माझा मुलगा आत आहे?”

“आहे की. मजेत आहे.”

“मग त्याला बाहेर पाठवा.”

“आत्ता नाही पाठवता येत.”

डोळा मोठा झाला. तो डोळा टाकीवरून हटता हटत नव्हता, कारण फटीतून त्यांना दिसत होती फक्त प्लायवूडची पाठ आणि तिच्यावरून डोकावणारं त्यांच्या मुलाचं डोकं. हात दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते. एखाद्या खोक्यात उभा करून ठेवल्यासारखा.

जावई तिथून म्हणाले, “आई...”

“काय?” असं आम्ही दोघी एकदम म्हणालो.

“आई, तू काळजी करू नकोस. आणि आई, तुम्ही जरा माझं...”

“थांबा तुम्ही,” मी म्हटलं. विहीणबाईंनी हे सगळं ऐकलं, आणि त्यांचा आवाज एकदम गार झाला. म्हणाल्या, मी मासा न्यायला आले म्हणून तुम्ही माझ्या मुलाला कोंडून ठेवलंय का? असं असेल तर तसं तोंडावर सांगा. मी म्हटलं, तुमचं अर्धंच तोंड दिसतंय, कुठल्या अर्ध्यावर सांगू? हे बोलायला नको होतं. पण वाक्य चांगलं सुचलं की मला गिळता येत नाही. मी जावई नाही.

त्यावर त्या काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही, कारण मीही त्यांना काय म्हणाले ते मग लिहावं लागेल. एवढंच सांगते, की त्यात त्यांचं तळं आलं, तळ्यातलं शेवाळ आलं, त्यांनी माझ्याकडून शिवून घेतलेला आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काखेत काचणारा ब्लाऊज आला. काचणारच! माप देताना श्वास कुणी रोखून धरला होता?

आणि एवढ्यात डोक्यावर, पुढच्या खोलीत, पाण्याचा मोठा खळखळाट झाला. मग धप्प. मग यांचा आवाज, “ये रे, ये. घाबरू नकोस.”

मला कळलं. दोन बायकांचं भांडण ऐकून यांनी त्यांच्या पद्धतीनं वाट काढली होती. मासा देऊन टाकला की भांडण मिटेल. हे साहेबाला पेटीतून काढत होते.

तेव्हा मी ओरडले. मी एरवी ओरडत नाही, मला गरज पडत नाही. पण त्या दिवशी झरोक्यातली पावलंसुद्धा जागच्या जागी थांबली.

“अहो, तो मासा कुठंही जायचा नाही.”

थोड्या वेळानं हे खाली आले. खांद्यापर्यंत भिजलेले, हातात बादली, बादलीत साहेब शेपटीवर उभा असल्यासारखा, तोंड पाण्यात आणि शेपूट बाहेर. विहीणबाई अंग चोरून भिंतीला टेकल्या.

“अगं, पण तूच रोज म्हणतेस,” हे भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “एक तर मासा राहील, नाही तर तू.”

“मग?”

“मग मी विचार करून बघितला. तू राहिलेली बरी.”

किती दिवस विचार करावा लागला, ते मी विचारलं नाही. काही प्रश्न न विचारलेलेच बरे असतात. पण पदरानं नाक पुसलं, रंगाच्या वासानं असेल. मी म्हटलं, वळा आणि आत बघा. ते म्हणाले, बघू? म्हटलं, बघा म्हणतेय ना.

यांनी बादली खाली ठेवली आणि फटीला डोळा लावला. टाचा उंचावल्या, टाकीच्या काठावरून आत बघितलं, बराच वेळ बघितलं.

“अगं, पेटीत पाणी शिरलंय. सगळ्या गाद्या भिजल्या असतील.”

“गाद्या कुठल्या! तुमच्या साहेबासाठी केलीय ती.”

डोळा मिटला. उघडला. पुन्हा मिटला.

“एवढी मोठी?”

“वाढत्या अंगाची केलीय.”

बादलीत तेवढा चुबुक चुबुक आवाज. आणि विहीणबाई एकदम हलक्या आवाजात म्हणाल्या, “म्हणजे मला मासा न्यायचा नाही?”

तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता. मला अर्धाच दिसला, पण त्या अर्ध्यावरचं ओझं उतरलेलं मला स्वच्छ दिसलं. बाईंना माशांची शिसारी येते! तळ्यात त्या स्वतः कधी बोट बुडवत नाहीत. यांनीच फोन करून त्यांना गळ घातली होती, की आमच्या घरात माशाचा फार त्रास होतो, तेवढा न्या. नाही म्हटलं तर विहिणीला राग येईल, म्हणून त्या शेजाऱ्याकडून ड्रम मागून आणून, वाटेत दोनदा गाडी थांबवून मन घट्ट करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे मला आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तुम्ही तरी कुठं सांगितलंत? आणि यावर आम्ही दोघींनी मिळून यांच्याकडं बघितलं. हे बादलीशी बोलत होते.

“आई, दार...” आतून जावई म्हणाले.

या वेळी आम्ही दोघीही गप्प राहिलो. त्यांना सवय नव्हती, त्यामुळं ते क्षणभर थांबले. मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं. दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत, टाकीपासून लांब. त्यातले खिळे ठोकून काढले, की दार निखळून येईल.

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“दार पहिल्यांदा ठक्क झालं तेव्हापासून, आई.”

हातोडी माझ्या मशीनवरच होती. जावयांनी खिळे काढले, दार तिरकं करून आत घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग ते स्वतः बाजूनं वळून, पोट आत न घेता, टाकी आणि चौकटीच्या मधून सरळ बाहेर गेले. आईनं त्यांना कुरवाळलं. हात आहेत, पाय आहेत, सगळं तपासलं.

मग मी निघाले. मी आयुष्यभर जगाची मापं घेतली, पण स्वतःचं माप घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझे कपडे मी अंदाजानं शिवते. एक खांदा गेला, एक हात गेला, आणि मग मी थांबले. पुढं जाईना, मागं येईना. टाकीत बूच बसावं तशी मी दारात बसले! श्वास सोडला की अडकत होते, घेतला की जास्त अडकत होते. जावई मदतीला पुढं झाले आणि कुठं धरावं ते न कळून परत मागं झाले. हे म्हणाले, थोडं अंग चोर, साहेब शेपूट दुमडतो तसं कर. मी यांच्याकडं असं बघितलं, की ते बादली घेऊन एक पायरी वर चढले.

शेवटी विहीणबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला, माझे दोन्ही हात धरले, चौकटीला पाय लावला आणि ओढलं. बाईंच्या अंगात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी बाटलीच्या बुचासारखी निघाले आणि आम्ही दोघी जिन्याच्या पायथ्याशी एकमेकींच्या अंगावर. माझ्या बाहीची शिवण उसवली. त्यांच्या काखेतली मात्र टिकली. मी पडल्या पडल्याच हात लावून बघितली.

“बघा,” मी म्हटलं, “माझी शिवण.”

“काचतेय अजून,” त्या म्हणाल्या. पण हसत होत्या.

मग चहा झाला. टाकी अर्धी रिकामी करून सगळ्यांनी मिळून ती माझ्या मापानं पुढं सरकवली आणि पुन्हा भरली. पाणी निवळल्यावर, त्यात औषधाचे थेंब टाकल्यावर, जावयांनी हो म्हटल्यावर यांनी साहेबाला बादलीसकट आत नेलं आणि टाकीत सोडलं. आम्ही चौघं काचेसमोर दाटीवाटीनं उभे. आता हा सुसाट जाणार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अशी माझी खात्री. साहेब एका कोपऱ्यात गेला. जुन्या पेटीएवढी जागा त्यानं मनातल्या मनात आखून घेतली, आणि त्या तेवढ्यात शेपूट दुमडून अर्धा वळला, दम खाल्ला, आणि उरलेला अर्धा वळला. अजूनही तो तसंच करतो. टाकीचं पलीकडचं टोक त्यानं बघितलेलंही नाही! हे म्हणतात, साहेब लोकांना सवय लागली की लागली.

यांची खुर्ची आता माझ्या तळघरात आहे. बंदी उठवावी लागली. संध्याकाळी पेपर वाचून दाखवतात आणि तेवढा वेळ मी मशीन बंद ठेवते, कारण साहेबाला आवाजाचा त्रास होतो. असं मी सांगितलंय.

दार मात्र परत बसवता आलं नाही, टाकी अजून त्याच्या आड येते. विहीणबाई रविवारी येतात तेव्हा प्रत्येक वेळी ते भिंतीला टेकवलेलं दार बघतात आणि काही बोलत नाहीत, आणि ते न बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं. म्हणून मी दारासाठी पडदा शिवला. जाड, निळा, लाटांची नक्षी असलेला. या वेळी एक बोट म्हणून जादा ठेवलं नाही. चौकट मोजली, पडदा नेमका तेवढाच कापला, शिवला, धुतला आणि लावला.

आता पडदा जमिनीपासून चांगला वीतभर वर आहे. कापड आटलं.